फुगलची तोंडी

बँडवाल्याच्या बायकोला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी घरात येतात. लग्न वाजवून माणूस घरी आला की धोतराला कुसळं चिकटलेली असतात आणि जिभेला किस्से. कुसळं मी वेचून चुलीत घालायची. किस्से कुठं घालता? एकाला हाकलावं तर दुसरा उंबऱ्यात उभा! परवा शेजारीण म्हणाली, "आक्का, आता लिहून तरी काढा. तेच ते ऐकून माझ्या कानाला घट्टे पडले." म्हणून बसले. मी चौथी शिकलेली, त्यातही निम्मा वेळ अलिफ बे गिरवण्यात गेला. शुद्धलेखन काढत बसणाऱ्यानं इथंच उठावं.

हे सगळे किस्से मोगलाईतले, आमच्या सेलूचे, आणि सगळे एका तोंडीपायी घडलेले. तोंडी म्हणजे बाजाच्या नळीला पुढून लावतात तो पितळी कप. त्यात ओठ दाबून फुंकायचं. एवढीशी वस्तू, लिंबाएवढी! पण तिनं आमचा बँड नाचवला.

आधी माणसं सांगते. बँडमास्तर कादरमियाँ. मेंदीची दाढी, पांढरी शेरवानी, क्लॅरिनेट वाजवायचे. बँड काढायच्या आधी कापसाच्या बाजारात दलालाकडं होते, आणि ते दलालपण त्यांच्या अंगातनं कधी गेलं नाही. मोठा ढोल माझा धाकटा भाऊ मारुती याच्याकडं. डोक्यावर गॅसबत्ती धरून पुढं चालायचा लक्ष्मण. आणि झांज माझ्या नवऱ्याकडं. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण दर ओळीला 'हे' 'हे' करत बसले तर तुमचाच घोटाळा होईल. सोपान. झालं, घेतलं!

*

झांजवाला म्हणजे शेवटची लाईन. त्याच्या पाठीला नवरदेवाचं घोडं. घोडं शिंकलं की अख्ख्या वऱ्हाडात पहिल्यांदा माझ्या नवऱ्याला कळायचं. माझ्या माहेरी तर त्याचं नावच पडलं होतं, 'घोड्याम्होरले दाजी'. माहेरी गेले की चुलत बहिणी विचारायच्या, "दाजी बरे हायेत का? आन् घोडं?" मी दात खाऊन हसायची.

अशात कादर मास्तर सिकंदराबादच्या छावणीतून एक बाजा घेऊन आले. पलटणीचं जुनं सामान तिथं विकायला निघालं होतं. फ्लुगलहॉर्न त्याचं नाव. कॉर्नेटासारखंच, म्हणजे बँडातल्या तुतारीसारखं दिसतं, पण नळी जाडजूड आणि तोंड मोठं. मास्तर त्याला फुगल म्हणाले, मग सेलूनंही फुगलच म्हटलं. आवाज म्हणे असा गोड की परभणीपर्यंत असा बाजा कुणाकडं नाही. फक्त त्याला तोंडी नव्हती. विकणाऱ्यानं एक पोतडी दिली होती, तऱ्हेतऱ्हेच्या सुट्या तोंड्यांनी भरलेली. "इसमेंकीच कोई तो भी उसकी है," असं सांगून तो मोकळा झाला.

आता फुगल वाजवणार कोण? बाकीच्यांच्या हातात आपापली वाद्यं होती. फुंकायचं नाही असं काम दोघांचंच, मारुती आणि सोपान. मास्तरांनी दोघांना उन्हात उभं करून बैलाचे बघतात तसे दात बघितले.

मारुतीचा पुढचा एक दात स्वतःच्याच ढोलाच्या काठीनं पडलेला. जोरात हाणली आणि काठी उसळून तोंडावर आली! मास्तर म्हणाले, "यां तो खिडकी खुली है. सगळी हवा यहींच से जाती. बाजे में क्या जाता?"

मग सोपान. त्याचे दात सगळे जागेवर. वरचा पुढचा एक तर जरा जास्तच जागेवर, बाहेर आलेला. सोपान हसला की आधी तो दात यायचा, मागनं नवरा. मास्तरांनी दोनदा मोजले आणि फुगल त्याच्या हातात दिलं.

"दातां पूरे हैं. अकल का बाद में देखींगे."

मग अट घातली. मानवतच्या एका शेठजींकडचं लग्न घेतलं होतं, फुगलचं नाव सांगून बयाणाही घेतला होता. तोवर फुगलला तोंडी मिळून ते बोललं, तर सोपान पुढच्या लाईनीत, मास्तरांच्या खांद्याला खांदा. नाही बोललं, तर भिंतीवरची झांज काढायची आणि घोड्यापुढं उभं राहायचं. पुन्हा विषय काढायचा नाही.

मी त्याच दिवशी माहेरी निरोप धाडला की माझा नवरा पुढच्या लाईनीत गेला. तोंडी मिळायचीच काय ती राहिली होती!

*

पोतडी आमच्याच अंगणात तरटावर पालथी केली. बारक्या, मोठ्या, चेपलेल्या, एक तर बहुतेक दिव्याचा भाग असावा. मास्तरांनी पहिल्यांदा एक खोलगट, निमुळती उचलली. फुगलच्या नळीत अशी बसली की बाटलीत बूच बसावं. सगळे म्हणाले, "हीच!"

सोपाननं छाती फुगवून फुंकर मारली. फुस्स.

परत मारली. फुस्स. पोटऱ्या ताठल्या, डोळे बाहेर आले. फुस्स! मास्तरांनी ती काढून उन्हात धरली, आरपार बघितलं आणि भिरकावली. "ये तोंडी नै. ये नरसाळा है!"

लक्ष्मणानं ती पडल्या जागेवरनं उचलली. त्याला बत्तीत राकेल ओतायला नरसाळं नव्हतंच. त्या दिवसापासनं त्याचा एक थेंब सांडला नाही.

मग मास्तरांना सुचलं की कपडा अंगाच्या मापाचा लागतो, तशी तोंडी ओठांच्या मापाची लागणार. आधी माप! बाजारातल्या शिंप्याला बोलावणं गेलं. तो गळ्यात टेप, कानाला खडू अशा थाटात आला. कुणाचं काय शिवायचंय हे त्याला कुणी सांगितलंच नाही. त्यानं सोपानच्या ओठांना टेप लावली.

"मिशी धरून का मिशी सोडून?"

"छोडके," मास्तर म्हणाले.

"दात आत घ्यायचा का भाईर ठिवायचा?"

यावर मास्तर विचारात पडले. शेवटी म्हणाले, "जैसा है वैसा रखो."

शिंप्यानं वरच्या ओठावर खडूची रेघ मारली, लांबून डोळा बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "ढील ठिवावी लागंल. आटतंय."

मास्तर ओरडले, "अरे होंठां हैं मियाँ, होंठां!"

"तेच म्हणायलोय की! पहिल्या धुण्याला आटतेतच."

*

मापानं जमलं नाही तेव्हा मास्तरांमधला दलाल जागा झाला. कापसाच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून सौदा करायचा. बाहेरच्याला काही कळत नाही, आणि एकदा रुमाल उचलला की सौदा पक्का. मग आकाश कोसळलं तरी फिरायचं नाही.

"आँखां धोका देते," मास्तर म्हणाले. "उंगलियां नै देते." त्यांनी तोंड्यांच्या ढिगावर रुमाल टाकला आणि सोपानला आत हात घालून निवडायला लावलं.

सोपाननं डोळे मिटले. लय वेळ चाचपलं. चेहऱ्यावर समाधान आलं. "ही! ही गुळगुळीत हाय. ओठाला गार लागंल."

मास्तरांनी रुमाल उचलला. सोपानच्या हातात हुक्क्याची नळी होती! कुणा साहेबाच्या हुक्क्याचं पुढचं हाडाचं टोक त्या पोतडीत आलं होतं.

मी म्हटलं, "टाका तिकडं, दुसरी काढा."

मास्तरांचा चेहरा पडला. "रुमाल उठ गया भाबी. सौदा नै फिरता."

आणि खरंच नाही फिरवला! पुढच्याच बारशाला सोपान हुक्क्याचं टोक सुतळीनं फुगलला बांधून उभा. आता हुक्का ओठांत आला की माणूस फुंकत नाही, ओढतो. हा तर तंबाखूचा जुना गडी. पहिल्याच इशाऱ्याला त्यानं सवयीनं जोरात ओढलं, आणि त्या बाजाच्या पोटात पलटणीच्या काळापासनं जे काही साठलं होतं ते सगळं त्याच्या छातीत! खोकला असा लागला की पाळणा संपला, घुगऱ्या वाटून झाल्या तरी थांबेना.

बाळाचा आजा मास्तरांना पोचवायला दारापर्यंत आला. म्हणाला, "नवा बाजा काय आमाला ऐकू आला न्हाई. पर त्या गड्याचा खोकला तालात हाय!"

त्यावर मास्तरांनी सौदा मोडला. रुमालाला हात लावून तोबा तोबा म्हणाले, मगच मोडला.

*

तोंड्या राहायच्या आमच्या घरी. एकदा मी त्या नीट बघितल्या. आतनं हिरव्याकाळ्या, वास असा की मांजर उठून गेलं. असलं ओठाला लावून माझा नवरा मानवतला जाणार? मी चिंच घेतली, राख घेतली, सगळ्या तोंड्या ओट्यावर घेऊन अशा घासल्या की सोन्यासारख्या चमकायला लागल्या. ताटात मांडून ठेवल्या.

मास्तर आले, ताट बघितलं आणि मटकन खाली बसले. दाढीला हात लावला. "भाबी, ये क्या करे तुम! पलटन के उस्तादां का बरसों का सूर जमा था इसमें. पूरा सूर धो डाले!"

मी म्हटलं, "सूर न्हवता मास्तर. थुंका व्हता."

मारुती ढोलावर पडून हसला. मास्तर आठ दिवस आमच्याकडं पाणी प्यायले नाहीत.

*

त्या घासलेल्या तोंड्यांतली एक कॉर्नेटाची निघाली. फुगलच्या नळीला ती ढिली पडायची, म्हणून तिच्या बुडाला सोपाननं सूत गुंडाळलं. आणि फुगल बोललं! बोललं म्हणजे काय, एकच सूर. लांब, जाड, वरनं चिरका. सोपानला इतका आनंद झाला की तो जिनिंगच्या मागच्या ओढ्यात जाऊन तो एकच सूर घटवायला लागला.

अजून भर सकाळच होती. जिनिंगमध्ये कापूस रेचायला बसलेल्या बाया पटापट उठल्या, हात झाडले आणि भाकरी सोडायला बाहेर आल्या. हमाल आले. गाडीवानांनी बैल सोडले. मॅनेजर हातात घड्याळ घेऊन मागे धावतोय, "अरे टाइम झाला नाही! टाइम झाला नाही!" कोण ऐकतंय? सोपानचा सूर आणि जिनिंगचा भोंगा, दोन्हींत कणभर फरक नव्हता.

मॅनेजर ओढ्यात उतरला. सोपानला वाटलं आता हाणतोय. पण तो हिशेबी माणूस. त्यानं दोनदा वाजवून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "आमचा भोंगा लय वाफ खातो. तू रोज बाराला येऊन वाजव. तो दुरुस्तीला धाडतो."

सोपानची छाती अशी फुगली! घरी येऊन म्हणतो, "पुढची लाईन जाऊ दे. आख्खं सेलू माझ्या सुरावर जेवायलंय!"

मारुती म्हणाला, "दाजी, मानवतला नवरदेवाम्होरं ह्यो सूर काढला ना, तर वऱ्हाड जाग्यावर बसून भाकरी सोडंल. मंगलाष्टकं कोण म्हणणार, तुमचं घोडं?"

मला मारुतीवर रागावताही येईना, कारण बोलला ते खरं होतं. मी सोपानला सुनावलं. एक तर दुसरी तोंडी शोध, न्हाईतर जाऊन त्या मॅनेजरच्या छपरावर चिमणी होऊन बस! सोपान रुसला. सकाळी न खाताच घरातनं गेला.

त्या दिवशी त्याला भूक लवकर लागली. सेलू अकरालाच जेवलं.

*

पोतडीत आता एकच धड तोंडी उरली होती. जाड, वजनदार, दिसायला एकदम साहेबी. पण तिचं बूड फुगलच्या नळीपेक्षा जाड. जाईना. मारुती म्हणाला, "दाजी, तुमी नुसतं धरा. म्या बसिवतो." आणि ढोलाची काठी उलटी धरून असा ठोका घातला की तोंडी आत बसली ती बसलीच. ओढून निघेना, तापवून निघेना. फिरवावं तर तोंडीबरोबर नळी फिरायला लागली. लोहार म्हणाला, "निघंल. पर बाजा माघारी मागू नका."

बाजारच्या दिवशी आम्ही सगळे फुगल घेऊन दातकाढ्याकडं गेलो. हा गडी दर आठवड्याला झाडाखाली चटई टाकून बसायचा. पुढं उपटलेल्या दातांचा ढीग, गिऱ्हाइकाला विश्वास वाटावा म्हणून. हातात पकड. त्यानं फुगल चटईवर आडवं घातलं, एक पाय त्याच्या कर्ण्यावर रोवला, तोंडी पकडीत धरली आणि म्हणाला, "तिकडं झाडावर बघा." कुणाला म्हणाला कोण जाणे, पण मास्तर खरंच झाडावर बघायला लागले. एक हिसका! तोंडी बाहेर. मधोमध चिरलेली, पण बाहेर.

दातकाढ्यानं घाम पुसला आणि फुगलकडं बघून नेहमीचं सांगितलं, "आज गरम काय खायचं न्हाई. मिठाच्या पाण्यानं चुळा भरायच्या. आन् सुपारी आठ दिवस बंद."

मास्तर अदबीनं म्हणाले, "हौ."

मग त्याची नजर सोपानवर गेली. सोपान तोंड उघडं टाकून बघत होता. "ह्यो पुढचा बी हलायलाय की! बसा, लगोलग काढतो." आणि पकड घेऊन उठला पण!

मी पकड धरली. "या दातांवर माझा नवरा पुढच्या लाईनीत चाललाय! हात लावशील तर तुझी बत्तिशी त्या ढिगात मिळवीन!"

बाजारातली माणसं जमली. दातकाढ्या मागं सरकला. सोपान माझ्याकडं असा बघत होता, जसं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. आणि दातही झाकला नव्हता.

*

मानवतला निघायचा दिवस आला तेव्हा जवळ होती फक्त ती कॉर्नेटाची, सूत गुंडाळलेली. सोपाननं खपून तिच्यातनं भोंग्याखेरीज आणखी दोन सूर काढले होते. मास्तर म्हणाले, तीन सुरांत एक परण्या निघून जाईल. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावरनं मारुतीच्या देवळाला नेतात ती मिरवणूक. फुगलचं काम तिथंच.

मी बँडबरोबर कशी, असं विचाराल. माझी मावशी मानवतला आहे. आणि मावशी नसती तरी मी गेले असते. नवरा पहिल्यांदा पुढच्या लाईनीत उभा राहणार आणि मी सेलूत भाकरी थापू?

आगगाडीनं मानवतच्या स्टेशनापर्यंत गेलो, तिथनं शेठजींनी बैलगाड्या धाडल्या होत्या. सोपान गाडीत बसल्या बसल्या घटवत होता. मी सांगितलं, "ठिव ते खाली." ऐकतोय कुठं? चाक खड्ड्यात गेलं, फुगल उसळलं आणि तोंडावर आदळलं. सोपान ओरडला. बघते तर दात नाही! आणि फुगलला तोंडी नाही! दोन्ही एकाच हिसक्यात गाडीबाहेर गेलेली.

अख्खा बँड वर्दीसकट खाली उतरला आणि रानात शोधायला लागला. काळं रान, त्यात पांढरा दात उठून दिसायला पाहिजे. पण ते कपाशीचं रान! वेचणी झालेली असली तरी जमिनीवर जिकडं तिकडं कापसाची बोंडकं पडलेली. दर पावलाला कुणीतरी ओरडायचं, "घावला!" आणि हातात कापूस.

शेवटी मारुतीला घावला. दात घावला! तोंडी नाहीच. त्यानं दात तळहातावर ठेवून मास्तरांपुढं धरला. मास्तरांनी बघितला आणि त्यांना रडू फुटायचं तेवढं राहिलं.

"दात का मैं क्या करूं? इसमें फूंकूं?"

मानवतला पोचलो तर घोडं सजून तयार, नवरदेव वर बसलेला, दिवस कलायला आलेला. शेठजींचा भाऊ पुढं आला. "फुगलवाला कोणता?" मास्तरांनी सोपानकडं बघितलं. सोपानच्या तोंडात हळद आणि कापसाचा बोळा. मास्तर खाली वाकले आणि बोचक्यातनं झांज काढायला लागले.

मला पुढचं सगळं दिसलं. झांज, घोडं, घोड्याची शिंक. वाड्याच्या पायरीवर मावशीशेजारी, माझा निरोप ऐकून आलेल्या दोन चुलत बहिणी उभ्याच होत्या.

बाजूला लक्ष्मण बसून बत्तीत राकेल ओतत होता. त्याच्या हातात नरसाळं होतं. पितळेचं, खोलगट, निमुळतं.

"लक्ष्मणा, ते इकडं आण."

"वहिनी, बत्ती आर्धीच भरलीय! मधीच इझंल!"

"इझू दे!"

मी ते हिसकावलं, पदरानं पुसलं, फुगलच्या नळीत बसवलं. बाटलीत बूच! सोपानच्या तोंडातला बोळा काढला. तो म्हणाला, "अगं, ही वाजत न्हाई. राकेल लागलंय हिला."

मी म्हटलं, "तू फुंकतोस का म्या फुंकू?"

त्यानं फुंकलं.

मला गाण्यातलं काही कळत नाही. पण नदीच्या पाण्यात लुगडं सोडलं की ते जसं आवाज न करता पसरत जातं, तसा तो सूर गल्लीत पसरला. मग दुसरा. मग सगळे! माडीवरच्या बाया फुलं टाकायच्या थांबल्या. शेठजींच्या भावानं पागोटं सावरायला हात वर नेला तो तसाच राहिला. कादर मास्तरांची क्लॅरिनेट ओठाजवळ होती, पण ते वाजवत नव्हते. त्यांनी झांज पायानं बोचक्यात परत ढकलली आणि आपल्या शेजारची जागा रिकामी केली.

"आओ मियाँ."

परण्या निघाला. सोपान पुढच्या लाईनीत! मी बहिणींना कोपरानं ढोसलं, बघा म्हटलं आता. तेवढ्यात अंधारलं, आणि लक्ष्मण बत्ती घेऊन लांब रस्त्याच्या कडेला जाऊन चालायला लागला. मी ओरडले, "आरं, फुगलवाल्यापाशी धर की उजेड!"

तो तिकडनंच ओरडला, "न्हाई धरत! त्याच्या तोंडाला राकेल हाय. बत्ती जवळ नेली तर नवरदेवासकट सगळं पेटंल!"

त्या दिवशी अख्ख्या मानवतनं माझ्या नवऱ्याला ऐकलं. दिसला कुणालाच नाही. चुलत बहिणी म्हणाल्या, "वाजवलं झकास. पर कोण व्हतं गं ते?"

*

परतीच्या गाडीत मास्तर फुगल मांडीवर घेऊन बसले होते. तोंडी काढायचे, बघायचे, परत लावायचे. शेवटी म्हणाले, "बाजा वईच. तोंडी बी पैले दिन की वईच. फुंकनेवाला बी वईच. तो फिर बदला क्या?"

सगळ्यांनी वळून सोपानकडं बघितलं. सोपान हसला. आता दात आधी येत नव्हता.

मारुती आपल्या खिडकीवरनं जीभ फिरवत म्हणाला, "म्या पैल्यापासनं सांगायलोय. कुणी ऐकलं का?"

पुढच्या बाजारच्या दिवशी मी मिरच्या घ्यायला गेले. दातकाढ्याच्या झाडाखाली गर्दी. बघते तर अख्खा बँड वर्दी घालून लाईनीत बसलेला! पहिले कॉर्नेटवाले, मग आमच्याकडं नुकतेच आलेले दोघं, बारका ढोल आणि नवा झांजवाला. कादर मास्तर शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावून, डोळे मिटून, ओठ हलवत बसलेले. मारुती हात मागं बांधून लाईनीच्या कडेनं फिरत होता. "मुकाट बसा. लय दुखत न्हाई. तिकडं झाडावर बघायचं."

दातकाढ्यानं मला बघितलं आणि आधी पकड पाठीमागं लपवली. मग लांबूनच विचारलं, "त्या बाजानं सुपारी खाल्ली न्हाई ना?"

तो एकेकाचं तोंड उघडून बघत पुढं सरकत होता. "तू काय वाजवतोस?" "कॉर्नेट." "आ कर. तू?" "ढोल." "आ कर."

सगळ्यात शेवटी लक्ष्मण बसला होता. न सांगताच आ करून.

"तू काय वाजवतोस रं?"

लक्ष्मणानं तोंड मिटलं.

"बत्ती," म्हणाला, आणि परत उघडलं.